ताटावर आडवा हात

नागपूरची बाई लाटेवर उभी राहते, आणि जिच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या पाण्यावर पोट भरलं ती मी वाळूत बसून तिच्या चपला सांभाळते. हा कुठला न्याय, ते मला कोणीतरी समजावून सांगा. मी नवऱ्याला विचारून बघितलं. त्याने मोबाइलमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

माझं माहेर ओवे गावचं. आता तिथे उभं राहिलं की चहूकडे खारघरच्या इमारती दिसतात, पण माझ्या लहानपणी आमच्या घरात अजून मिठागराच्याच गोष्टी चालायच्या. ऊन कडक पडलं की आजोबा खूश, अवेळी आभाळ भरून आलं की घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. पाणी म्हणजे काम. मजा म्हणून पाण्यात उतरायचं, हे आमच्याकडे कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. मी पहिल्यांदा समुद्रावर सुट्टीला निघाले तेव्हा आईने मला वेड्यातच काढलं. म्हणाली, "पान्यान काय बगाचा हाय? आमी आख्खा जलम पान्यानच काढला." मला पोहता येत नाही ते यामुळेच. खाडीच्या दिशेने पाऊल पडलं की पाठीत धपाटा बसायचा.

माझी मैत्रीण पनवेल गावातली. तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. पाचवीत मला पनवेलच्या शाळेत घातलं तेव्हा बाईंनी तिच्या बाकावर बसवलं, आणि तेव्हापासून आम्ही एकत्र आहोत. तिचं घर शाळेच्या मागेच होतं. मधल्या सुट्टीत ती मला ओढत घरी न्यायची. तिची आई गरम थालीपीठ तव्यावरून काढून विचारायची, "वाढू का गं?" मी म्हणायचे, "नको काकू," आणि ताटावर हात आडवा धरायचे. आईने मला पढवूनच पाठवलं होतं, परक्या घरी एका शब्दात हो म्हणायचं नाही, लोक हावरी म्हणतील. पहिल्या दिवशी काकूंनी खरंच थालीपीठ परत तव्यावर ठेवलं. माझं तोंड एवढंसं झालं. तेव्हा ही बया तोंडातला घास न गिळताच म्हणाली, "आई, वाढ तिला. तिचं नको म्हणजे हो असतं."

माझ्या आख्ख्या आयुष्यात मला इतकं कोणी ओळखलेलं नाही. नवऱ्याला तर अजून कळलेलं नाही. मी साडी नको म्हटलं की तो साडी आणत नाही, आणि मग आठवडाभर भाजीत मीठ कमी का जास्त याचा विचार करत बसतो. मैत्रिणीचं तसं नव्हतं. मी नको म्हणायचे, ती आग्रह करायची, मी पुन्हा नको म्हणायचे, ती डोळे वटारायची, आणि मग मी तिच्यावर उपकार केल्यासारखी हो म्हणायचे. शाळेची सहल असो, तिच्या लग्नात करवली व्हायचं असो, आमचं सगळं असंच ठरत आलं.

समुद्राचं खूळ तिच्या डोक्यात पोरं मोठी झाल्यावर शिरलं. ती मुलुंडला असते, बँकेत आहे. चाळिशी उलटल्यावर तिने कुठेतरी बघितलं की कर्नाटकात, उडुपीच्या पुढे, एक लहानसं गाव आहे, तिथे फळीवर उभं राहून लाटेवर चालायला शिकवतात. सर्फिंग. तिने मला फोन केला, चल म्हणाली. मी म्हटलं, नको गं बाई, या वयात काय ते. पुढच्याच रविवारी ती पनवेलला हजर. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून पोहे खाल्ले, चहा घेतला, मग सरळ बेडरूममध्ये जाऊन माळ्यावरची बॅग खाली काढली आणि माझे कपडे भरायला लागली. मी तोंडाने नको नको म्हणत तिला इस्त्रीचे ड्रेस काढून देत होते.

त्यानंतर दर वर्षी जानेवारीत आम्ही दोघी जायचो. मंगळूरची गाडी ती कुर्ल्याला पकडायची, मी पनवेलला. मी डबा घेऊन चढायचे. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, वरून कांदा. डब्याचं झाकण निघालं की आजूबाजूचे प्रवासी खिडकी उघडते का ते बघायचे. एसीच्या डब्यात खिडकी कुठली उघडायला! आम्ही दोघी खाली मान घालून हसत जेवायचो.

गाव म्हणजे नदी आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. एकच रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना माड, माडांना टेकून वाळत ठेवलेल्या फळ्या. आम्ही एका बाईंच्या घरी उतरायचो. त्या सकाळी तांदळाचे पातळ नीर डोसे घालायच्या, दुपारी माशाची आमटी आणि जाड उकडा भात. दुपारभर झोपाळ्यात लोळायचं, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात गरम गोळीबजे, म्हणजे मैद्याची गोल भजी, खायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गोऱ्या पोरांना नावं ठेवायची. घरी मी उठल्यापासून निजेपर्यंत पायाला भिंगरी लावून फिरते. तिथे मला केस विंचरायचाही कंटाळा यायचा, आणि तो कंटाळा फार आवडायचा.

सकाळी ती पाण्यात जायची आणि मी वाळूवर बसायचे. तिच्या चपला, टॉवेल, किल्ली, मोबाइल आणि चष्मा माझ्याकडे असायचा. चष्म्याशिवाय तिलाही माझ्यासारखाच माणूस आणि माड यांतला फरक कळत नाही. ती पडायची, उठायची, नाकातोंडात पाणी जायचं, पुन्हा फळीवर पोट टेकायची. शिकवणारा मुलगा कानडी-हिंदीत ओरडायचा, ती मराठीत उत्तर द्यायची. मग दमली की पाण्याबाहेर यायची आणि डोळे बारीक करून सगळा किनारा शोधायची. मी टॉवेल उंच धरायचे. टॉवेल दिसला की तिचा चेहरा असा काही खुलायचा की काय सांगू. खरं सांगते, मी रात्रभर गाडीत अंग आखडून जायचे ते तेवढ्यासाठी.

आणि मग आमच्यात ती नागपूरकरीण आली.

मैत्रिणीच्या बँकेत बदली होऊन आली होती. आमच्याच वयाची, उंच, केस बारीक कापलेले. लहानपणी तिथल्या तलावात पोहायची म्हणे. मैत्रिणीने मला न विचारता तिला आमच्या सहलीत घेतलं. म्हणजे विचारलं, पण कसं? "ती पण येतेय, चालेल ना?" यावर माणूस काय बोलणार? मी म्हटलं, अगं चालेल की, मजा येईल. गाडीत चढले तर ती माझ्या जागेवर, मैत्रिणीच्या समोर, मांडी घालून बसलेली. मला बघून पटकन उठली, माझी बॅग उचलून वर ठेवली आणि म्हणाली, "या ताई." ताई! माझ्यापेक्षा चार केस जास्तच पांढरे होते तिचे.

मी जवळ्याचा डबा मुद्दाम उघडला. म्हटलं, विदर्भातली आहे, वासाने पळेल. बयेने दोन भाकऱ्या हाणल्या, बोटं चाटली आणि म्हणाली, "काय चव आहे हो, नुसती खातच राहावंसं वाटून राहिलं." मला धड रागावताही येईना.

त्या वर्षी किनाऱ्यावर काय झालं, ते मी अजून विसरलेले नाही. त्या दोघी सकाळी एकत्र पाण्यात गेल्या, मी जिथपर्यंत कधी नुसती नजरही टाकली नव्हती तिथपर्यंत गेल्या, फळ्यांवर घोड्यावर बसल्यासारख्या बसून गप्पा मारत राहिल्या. तिथे काय बोलत होत्या कोण जाणे. किनाऱ्यावर ऐकू येत नाही, नुसती डोकी मागे पडलेली दिसतात, तेव्हा कळतं की हसतायत. मग बाहेर आल्या. मी टॉवेल घेऊन तयारच होते. पण मैत्रिणीने डोळे बारीक केलेच नाहीत. नागपूरकरणीने लेन्स घातल्या होत्या, तिला सगळं लख्ख दिसत होतं. तिने मैत्रिणीचा दंड धरला आणि तिला सरळ माझ्यापर्यंत आणून सोडलं. मी हातातला टॉवेल तसाच खाली घेतला आणि पुढे केला.

माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते त्या दिवसापासून. उगाच गोड शब्दांत कशाला सांगू, जळफळाट झाला माझा. रात्री त्या दोघी एकमेकींच्या गुडघ्यांना मलम लावत होत्या, तेही मला बघवेना. मला कुठे खरचटलं होतं मलम लावायला?

या वर्षीच्या सहलीची तारीख नागपूरकरणीने ठरवली. डिसेंबरात आमच्या तिघींच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला की अमुक दिवस लाटा चांगल्या आहेत, सुट्ट्याही जुळतायत, तिकिटं काढू का? मैत्रिणीने खाली लगेच हृदय टाकलं. मी मेसेज बघत बसले. आतापर्यंत तारीख माझ्या स्वयंपाकघरात ठरायची, पोहे खाताना. आता ती लाटा बघून ठरणार होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी लिहिलं, "मला नाही जमणार बहुतेक. शाळेत इन्स्पेक्शन आहे. तुम्ही दोघी जा."

मी शाळेत ग्रंथपाल आहे. इन्स्पेक्शन वगैरे काही नव्हतं. उलट मी जानेवारीची रजा आधीच मंजूर करून घेतली होती.

मला वाटलं, आता फोन येईल. मग रविवारी ती येईल. मी शनिवारी जाडे पोहे आणून ठेवले, शेंगदाणे भाजून ठेवले. ग्रुपवर तिचा निरोप आला, "ओके गं. पुढच्या वर्षी नक्की." आणि अंगठा. तो पिवळा अंगठा मी किती वेळा उघडून बघितला असेल! इतक्या वर्षांत हिने माझ्या नकोला पहिल्यांदाच नको मानलं होतं. हे तिला कोणी शिकवलं, ते काय मला कळत नव्हतं? नागपूरकरीण एक घाव दोन तुकडे बोलणारी. तिला हवं असलं की ती मागते, नको असलं की नाही म्हणते, आणि समोरचाही तसाच बोलतो असं धरून चालते. मी मनातल्या मनात तिला जे जे म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवारी पोहे मी आणि नवऱ्याने खाल्ले.

जायच्या आदल्या दिवशी मैत्रिणीने मला वेगळा मेसेज केला. गाडी पनवेलला येते तेव्हा तू शाळेत असशील, डब्याचा वगैरे त्रास करून घेऊ नकोस, नको. हे वाचून मला एकदम हायसं वाटलं. तिचं नको मला कळतं. सकाळी उठून मी भाकऱ्या थापल्या, जवळा भाजला, लसूण ठेचली. डबा मोठ्या पर्समध्ये घातला. आणि डब्याच्या खाली दोन ड्रेस, टॉवेल, टूथब्रश आणि तिकडे घालते ती सैल पँट, असं सगळं नीट घडी करून भरलं. माझा हिशोब साधा होता. फलाटावर समोरासमोर भेटलो की ती चल म्हणेल. मी नको म्हणेन. ती डोळे वटारेल. मी चढेन. तिकिटाचं टीसीला सांगून काय ते बघता येईल.

गाडी पनवेलला आली, दारात मैत्रीण उभी. मला बघून तिचे डोळे मोठे झाले. खाली उतरली, डबा हातात घेतला, वास घेतला आणि माझ्या गळ्यातच पडली. मला वाटलं, झालं काम. मागून नागपूरकरीण उतरली. तिने एक नजर माझ्याकडे टाकली, एक त्या फुगलेल्या पर्सकडे, आणि म्हणाली, "चाला ना ताई. येऊनच जा. काय विचार करून राहिल्या तुम्ही?"

आता बघा. जे शब्द ऐकायला मी भाकऱ्या थापल्या, ते शब्द आले, पण आले कोणाच्या तोंडून! मी म्हटलं, नाही हो, इन्स्पेक्शन आहे. ती म्हणाली, एक फोन करा, आजारी आहे म्हणा. मी म्हटलं, तसं कसं चालेल. ती पुन्हा चला म्हणाली. आग्रह करावा तर असा, अगदी ताटात वाढून मोकळी होईल असा, आणि मला तिच्याकडून घासभरही नको होता. मी मैत्रिणीकडे बघत होते. ती माझ्या पर्सकडे बघत होती. चेन अर्धवट उघडी राहिली होती आणि सैल पँटचा निळा पाय बाहेर डोकावत होता.

तिने ती पँट बघितली. मग मला म्हणाली, "तुला यायचंय. म्हण ना तसं."

"अगं, इन्स्पेक्शन..."

"एकदा म्हण, यायचंय म्हणून. मी वर ओढून घेते तुला. शाळेत होतो तेव्हापासून मीच म्हणतेय, चल, ये, खा, बस. तुला मी खरंच हवी असते, की मी मागे लागते म्हणून येतेस, ते मला एकदा तरी कळू दे की."

हे ती भांडून बोलली असती तर बरं झालं असतं. मी दोन ऐकवल्या असत्या. ती हळू बोलली, डबा पोटाशी धरून. भोंगा वाजला. म्हणायला काय लागत होतं? दोन शब्द. पण नागपूरकरीण शेजारी उभी होती, आणि तिच्यासमोर मी हात पसरायचा? मी म्हटलं, "नको गं. जा तुम्ही. जपून राहा."

"बरं," ती म्हणाली. चढली. नागपूरकरीण दारातून हात हलवत राहिली.

घरी आले तर नवरा कळंबोलीहून लवकर आला होता. तो लोखंड बाजारात ट्रान्स्पोर्टचं बघतो. मी पर्समधून कपडे काढत होते, ते त्याने पाहिलं, टूथब्रशही पाहिला. म्हणाला, तुला जायचं होतं तर नाही कशाला म्हणालीस? मी म्हटलं, मला वाटलं ती आग्रह करेल. त्याने विचार केला आणि म्हणाला की त्यांच्याकडे गिऱ्हाईक नको म्हणालं की ट्रक पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातो. मी त्याला त्या दिवशी जेवायला आदल्या दिवशीची आमटी वाढली.

मग फोटो यायला लागले. मी रजेवर घरी. शाळेत जायची सोय नाही, कारण रजा टाकलेली, आणि शेजारणींना सांगायची सोय नाही, कारण रजेचं निमित्त काय सांगणार? दिवसभर मोबाइल हातात. नीर डोसे. माड. झोपाळा, त्यात नागपूरकरणीचे पाय. मैत्रीण फळीवर उभी, दोन्ही हात पसरलेले, तोंड उघडं. इतक्या वर्षांत ती गुडघ्यांवर यायची आणि धपकन पडायची. ती उभी राहिली, सरळ उभी राहिली, आणि मी तिथे नव्हते. फोटो अर्थात दुसरीने काढलेला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल कुठेतरी तळाशी. पण त्याच्या वर जे काही उकळत होतं त्यात मला तो सापडला नाही.

आणि मग तो फोटो आला. वाळूत चपलांचे दोन जोड, त्यांवर टॉवेल, टॉवेलवर चष्मा. आणि शेजारी एक कुत्रं. तांबूस, एक कान मोडलेला. ऐटीत बसलेलं, समुद्राकडे तोंड करून. खाली नागपूरकरणीने लिहिलं होतं, "आमचा नवा वॉचमन."

हसू नका. मला त्या कुत्र्याचाही मत्सर वाटला. माझ्या जागी कुत्रं बसलं होतं आणि काम अगदी व्यवस्थित करत होतं. त्याला कोणी आग्रह केला नव्हता. आपणहून येऊन बसलं होतं मेलं.

मी ओट्याशी उभी होते, कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद केला आणि मैत्रिणीला फोन लावला. तिने उचलला तर मागे वाऱ्याचा आवाज. मी नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम म्हटलं, "मला यायचंय."

ती म्हणाली, "इन्स्पेक्शन?"

"नव्हतंच."

"माहितीये मला."

मी थांबले. सवयीने थांबले, की आता ती म्हणेल अगं ये ना, लगेच नीघ, तुझ्याशिवाय मजा नाही. ती नुसतं "ये" म्हणाली. एकच शब्द. त्यावर दुसरा वाढला नाही.

तिकीट मिळालं ते दोन पोरं आणि त्यांचे आजोबा यांच्यामधलं. डबा केला नव्हता, कारण द्यायचा कोणाला? फलाटावर वडापाव घेतला आणि तो खिडकीकडे तोंड करून खाल्ला. पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. सारखं वाटत होतं, तिने नाइलाजाने ये म्हटलं असेल तर? कुणाच्या आग्रहाशिवाय असं उठून निघायची माझी ही पहिलीच वेळ. लग्नाचं आमंत्रण नसताना पंगतीला जाऊन बसावं तसं वाटत होतं.

स्टेशनवर घ्यायला कोण आलं असेल? नागपूरकरीण. भाड्याची स्कूटर घेऊन. मैत्रीण झोपलीये, काल फार दमली, म्हणून मीच आले म्हणाली. मी तिच्या मागे बसले. रस्त्यावर खड्डे, त्यामुळे तिच्या कमरेला धरावं लागलं. हाही दिवस बघायचा होता म्हणायचा! वाटेत नदीवरच्या पुलावर तिने वेग कमी केला आणि मान थोडी वळवून म्हणाली, "एक सांगू का ताई? ही पाण्याबाहेर आली की रोज उभी राहून काहीतरी शोधते. मी तिचा हात धरायला जाते, तर म्हणते, थांब. मी विचारलं काल, काय शोधून राहिली? तर म्हणे, काही नाही."

मी मागे बसून पुलाखालच्या होड्या बघत राहिले. ऊर भरून आला होता. आणि त्यातही, पुन्हा खोटं कशाला सांगू, हे मला हिच्याकडून कळावं याचा राग आलाच.

सकाळी आम्ही तिघी किनाऱ्यावर गेलो. मैत्रीण भेटली तेव्हा फार काही बोलली नव्हती. "आलीस," म्हणाली आणि तिच्या ताटातला अर्धा डोसा माझ्या ताटात टाकला, न विचारता. मी हात आडवा धरला नाही. किनाऱ्यावर त्यांनी चपला काढल्या, चष्मा काढला, आणि मी सवयीने तिथे बसले. तांबूस कुत्रं आलं, माझ्याकडे बघितलं आणि थोडं सरकून शेजारी बसलं. नागपूरकरीण म्हणाली, "या ना पाण्यात, नुसतं कमरेपर्यंत." माझ्या तोंडून निघून गेलं, "नको, बसते इथेच."

मैत्रिणीने ते ऐकलं. वळली आणि चालायला लागली. गुडघ्यापर्यंत गेली, मांड्यांपर्यंत गेली. शेजारी दुसरी. दोघींच्या पाठी. मी बघत होते आणि मला माहीत होतं की आज ती मागे वळणार नाही. कितीही वेळ बसले तरी वळणार नाही.

मी उठले. माझा चष्मा काढून तिच्या चष्म्याशेजारी ठेवला आणि पळत सुटले. पाणी घोट्याला लागलं तेव्हा आईचा धपाटा आठवला. मी ओरडले, चारचौघांत, गोऱ्या पोरांसमोर, त्या शिकवणाऱ्या मुलासमोर, "थांब गं! मला यायचंय! मला पण घे!"

ती थांबली. वळली नाही. पाठमोरीच राहून तिने एक हात मागे केला, बोटं पसरून. लाट आली, मी धडपडले, तोंडात खारट पाणी गेलं, पण तो हात मी पकडला. तिच्या दुसऱ्या हाताला नागपूरकरीण होती. ते मी पाहिलं, आणि मला नेहमीसारखंच टोचलं. मी मैत्रिणीची बोटं इतकी घट्ट आवळली की ती ओरडली, "अगं, मोडशील!" आणि तरी तिने हात सोडवून घेतला नाही.

बाहेर आलो तेव्हा आम्हा दोघींना काहीच दिसत नव्हतं. किनारा, माड, माणसं, सगळं एक झालेलं. आम्ही दोघी डोळे बारीक करून उभ्या राहिलो आणि नागपूरकरणीने आम्हा दोघींचे दंड धरून आम्हाला सामानापर्यंत नेलं. कुत्रं पळालं होतं. माझ्या चपला होत्या, मैत्रिणीच्या होत्या. नागपूरकरणीची एक गेली होती. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही, पण माझ्या दोन्ही काढून तिच्यापुढे ठेवल्या. ती म्हणाली, "नको ताई, तुमच्या पायाला चटके बसतील." मी म्हटलं, "घाला." ती पुन्हा नको म्हणाली. मी डोळे वटारले.

तिने घातल्या.